उजव्या हाताचा आकडा

बाबांचा हात मी पहिल्यांदा मोजला तो निव्वळ सरावासाठी.

श्रावण होता. म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत मला कंत्राटी काम लागलं होतं. जिल्ह्यातल्या साठीपुढच्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावायचं, अंगणात चार मीटर चालायला लावायचं आणि शेवटी हाताची पकड मोजायची. पकड मोजायचं यंत्र दिसायला साधं. धरायला लोखंडी मूठ, वर घड्याळासारखी तबकडी, तबकडीवर किलोचे आकडे. माणसाने खुर्चीत बसून कोपर अंगाला लावायचं, हात काटकोनात धरायचा आणि मूठ आवळायची. काटा पुढे जातो, सोडलं की मागे येतो. पण त्याच्यासोबत गेलेला लाल काटा जिथवर पोचला तिथेच थांबून राहतो. तो आकडा आपण लिहायचा. दोन्ही हात, तीन-तीन वेळा. दाबताना समोर बसून ओरडायचं, "दाबा, दाबा, अजून, अजून, सोडू नका!" हे आम्हाला शिकवणीतच सांगितलं होतं. कोणी मागे लागल्याशिवाय माणूस आपला सगळा जोर लावत नाही म्हणे.

शिकवणी संपल्यावर यंत्र घरी न्यायला दिलं आणि दहा जणांवर हात बसवून या म्हणाले. मी यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहते. नवरा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जातो. शेजारणींचे हात मोजून झाले तेव्हा रविवारी मी यंत्र पिशवीत घालून माहेरी गेले. माझं माहेर उमरखेडच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडचं एक गाव. घरी माय आणि बाबा, दोघंच.

बाबांची तीस वर्षं तालुक्यातले हातपंप दुरुस्त करण्यात गेली. पंप बिघडला की जमिनीतले पाइप एकेक करून वर ओढावे लागत, ते गच्च बसलेले जोड पान्याने सोडवावे लागत. बाबा काम करत असले की आजूबाजूला माणसं उभी राहून पाहायची. गावात कोणाचा डबा उघडत नसला, कोणाच्या सायकलचा नट जाम झाला असला, तरी तो बाबांकडे यायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती तरी.

म्हणून मी हौसेने त्यांना खुर्चीत बसवलं. डावा हात एकतीस भरला. उजवा सव्वीस.

"बाबा, हे उलटंच झालं की," मी हसत म्हणाले. "उजव्यापेक्षा डावा भारी?"

"पाना धरू धरू झिजला असन," बाबा म्हणाले आणि तेही हसले. मायने चहा आणला. मी आकडे कच्च्या कागदावर लिहिले आणि चहा प्याले.

आम्हाला शिकवणीत सांगितलं होतं की ज्या हाताने माणूस काम करतो तो हात साधारण जास्त भरतो. फरक उलटा आणि मोठा दिसला तर शेऱ्याच्या रकान्यात नोंद करायची, माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं. हे मी दोनच दिवसांपूर्वी वहीत उतरवून घेतलं होतं. बाबांच्या कागदाला शेऱ्याचा रकानाच नव्हता. तो सराव होता.

काम सुरू झालं आणि मी ते विसरले. कामात मन रमलं होतं माझं, हे खोटं कशाला बोलू. एका तांड्यावर एका म्हातारीने यंत्र हातात धरलं, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाई, जास्त जोर निंगाला तर माहा निराधारचा पगार बंद तं नाही होणार?" नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसेना. तिने यंत्राला नुसती बोटं लावली. मी तिला तीन वेळा समजावलं, तेव्हा कुठे तिने खरं दाबलं आणि सुनेकडे बघत म्हणाली, "पाह्य, अजून हाय माह्यात." अशी माणसं रोज भेटायची. घरी येऊन मी नवऱ्याला त्यांच्या नकला करून दाखवायची.

दिवाळीला माहेरी गेले तर बाबा सदऱ्याची बटणं न लावता बसलेले. मला वाटलं उकडत असेल. मायने मला चुलीजवळ बोलावलं.

"तुह्या बाबाच्या हातून तांब्या पडून राह्यला वं," ती म्हणाली. "परवा दाढी करता करता वस्तरा पडला. मले म्हणते कोणाले सांगू नको."

यंत्र माझ्या पिशवीत होतं. सुटीत ते कार्यालयात जमा करायचं असतं, मी केलं नव्हतं. बाबांना बसवलं. उजवा एकोणीस भरला. पुन्हा घेतला. अठरा. तिसऱ्यांदा सतरा. मी त्यांचा पंजा उलटा करून पाहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये जो मांसल उंचवटा असतो, तिथे खड्डा पडला होता. डाव्या हाताला तो उंचवटा होता. उजव्याला नव्हता. एवढा मोठा खड्डा म्हणजे श्रावणातही तो थोडा असणारच. मी तेव्हा त्या हाताकडे पाहिलंच नव्हतं, तबकडीकडे पाहत होते.

उमरखेडच्या डॉक्टरांनी मानेची नस दबली असेल म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या, मानेला पट्टा दिला. हे असं वाटणं चूक नव्हतं, पुष्कळ जणांचं तेच असतं. बाबांनी तो पट्टा दोन महिने इमानाने लावला. कडक पट्ट्यामुळे त्यांना खाली ताटाकडे बघता यायचं नाही, मग माय घास कालवून द्यायची. संक्रांतीला मी पुन्हा मोजलं. चौदा. मी दोघांनाही लोहाऱ्याला घेऊन आले.

यापुढचे तीन महिने मी ज्या रीतीने वागले, ते लिहायला मला फार दिवस लागले.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. आकडा खाली गेला आहे, तो वर आणायचा. पाहणीच्या कामात आम्ही लोकांना हेच सांगत होतो ना, म्हातारपणी हातापायाचा जोर टिकवता येतो, व्यायाम करा, अंडी खा, डाळी खा. मग बाबांचा जोर का नाही येणार? मी रबराचा चेंडू आणला. सकाळी शंभर वेळा, दुपारी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. ओला टॉवेल पिळायला लावायची. कणीक मळायला लावायची. जन्मात ज्या माणसाने परातीला हात लावला नव्हता, तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून एका हाताने पिठाचा गोळा ढकलत असायचा, आणि मी वरून म्हणायची, "नीट दाबा बाबा. नुसतं फिरवू नका."

रोज मी यंत्र घरी आणायची. ते नियमात बसत नव्हतं. सकाळी निघताना एकदा आणि आल्यावर एकदा मोजायची आणि एका वहीत लिहायची. तेरा. तेरा. बारा. तेरा. बारा. अकरा. एका किलोने आकडा वाढला की माझा दिवस बरा जायचा. कमी झाला की मी त्यांच्यावर चिडायची.

"तुम्ही मनापासून करतच नाही."

"करून राह्यलो वं बाई."

"मग येत कसं नाही? काल बारा होते. दाबा! दाबा, अजून, अजून!"

त्यांच्या कपाळावर घाम यायचा. हात थरथरायचा. दंडावरचं मांस कातडीखाली आपोआप उडायचं, जसं बैलाच्या अंगावर माशी बसली की कातडी हलते तसं. ते मला दिसत होतं. जोर लावल्यामुळे होत असेल असं मी स्वतःला सांगितलं. बाबांचं बोलणं जड झालं होतं, जीभ दातात अडकल्यासारखे शब्द यायचे. नवरा म्हणाला, "नागपूरला दाखवू." मी म्हणाले, "थोडा आकडा वाढू दे, मग नेऊ." का म्हणाले? मला आज वाटतं, नागपूरला काय सांगतील त्याचा अंदाज मला आला होता. मी रोज दहा-दहा हात मोजणारी बाई होते. महिन्यागणिक एका अंगाने असा उतरत जाणारा हात मी दुसरा कुठेच पाहिला नव्हता.

न्हाणीघरात नळ मोठा सोडून मी रडायची. बाहेर ऐकू जात नाही असं मला वाटायचं.

मग होळीच्या सुमाराला आकडा वाढायला लागला.

झालं असं होतं की पाहणीचं काम वाढलं होतं, मला घरी यायला उशीर व्हायचा आणि आल्याबरोबर स्वयंपाकाला लागावं लागे. म्हणून संध्याकाळचं मोजायचं काम मी मायवर सोपवलं होतं. बाबा खोलीत खुर्चीवर, माय त्यांच्यासमोर. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत ओरडायची, "दाबा, दाबा!" आणि माय म्हणायची, "झालं वं." मग मी जाऊन लाल काटा कुठे थांबलाय ते पाहायची. एका सोमवारी बारा आला. बुधवारी तेरा. शनिवारी चौदा. पुढच्या आठवड्यात सोळा.

मी त्या दिवशी पिठाच्या हातानेच बाबांना मिठी मारली. नवऱ्याला कारखान्यात फोन केला. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या ताईंना सांगितलं की व्यायामाने फरक पडतो, माझ्या घरातलंच उदाहरण आहे. बाबांना अंडी दुप्पट केली. ते बिचारे ठसका लागत लागत गिळायचे. सकाळचा आकडा मी घ्यायची, तो मात्र दहाच्या वर जात नव्हता. माझं त्यालाही उत्तर तयार होतं. सकाळी अंग आखडलेलं असतं.

एका संध्याकाळी पोळी तव्यावर फुगायला ठेवून मी काहीतरी विचारायला खोलीत गेले. बाबा यंत्र धरून बसले होते. त्यांच्या मुठीवर मायचे दोन्ही हात होते. माय दात आवळून, डोळे मिटून दाबत होती. तिच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. बाबा तिच्याकडे बघत होते.

मी दारातच उभी राहिले. मायने डोळे उघडले, मला पाहिलं आणि हात काढून घेतले. यंत्र बाबांच्या हातातून मांडीवर पडलं.

"हे काय आहे?" मी म्हणाले. माझा आवाज चढला. "कोणाला फसवता तुम्ही? मला? डॉक्टरला? किती दिवस चाललंय हे?"

मी पुन्हा ओरडले. शेवटी बाबा सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "तू लय... रडत होती... वं."

"कोण रडत होतं?"

"न्हाणीत," माय म्हणाली. "आमाले आयकू येते बाई. रोज येते. मंग म्हणलं, आकडा वाढला तं तू जेवशीन तरी नीट."

स्वयंपाकघरात पोळी जळत होती. मी जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. सोळाचा आकडा त्यांचा नव्हताच. ते दोघांचे मिळून सोळा होते.

त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. नसांच्या आजारांच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी बाबांना सदरा काढून बसवलं आणि काहीही न करता बराच वेळ नुसतं पाहिलं. दंडावर, छातीवर, पाठीवर मांस उडत होतं. जीभ बाहेर काढायला लावली. जीभही तशीच उडत होती. स्नायूत सुई घालून करायची एक तपासणी झाली. बाबांनी तोंडातून आवाज काढला नाही. मी माझी वही डॉक्टरांसमोर ठेवली. खरं सांगते, थोड्या अभिमानानेच ठेवली.

त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग बाबांना आणि मायला माझ्या नवऱ्याबरोबर बाहेर बसायला सांगितलं.

"मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा सुकत जातात, असा हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "हात, पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. एक गोळी आहे. तिने वेग थोडा कमी होतो. बरं करणारं औषध नाही."

"व्यायाम?"

"हा थांबवा. हलकं हात-पाय हलवून द्या, सांधे आखडू नयेत म्हणून. थकवा येईपर्यंत दाबायला लावणं या आजारात चांगलं नाही."

"मग माझ्यामुळे वाढलं का?"

"नाही. तुमच्यामुळे झालं नाही," त्या म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "आणि तुम्ही काहीही केलं असतं तरी थांबलं नसतं."

"मी श्रावणातच मोजलं होतं. उजवा तेव्हाच कमी होता. तेव्हाच आणलं असतं तर?"

"नाव लवकर कळलं असतं."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांना आजाराबद्दल अर्धंच सांगितलं. बरं व्हायला वेळ लागेल, असं काहीतरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. जो माणूस पंपाच्या दांड्याचा आवाज ऐकून आत कुठला वायसर गेलाय ते ओळखायचा, त्याला आपल्या देहातलं कळलं नसेल असं मला आता वाटत नाही.

त्यानंतर मी त्यांचा हात मोजला नाही. मोजण्यासारखं उरलंही नव्हतं. उन्हाळा संपेस्तोवर उजवा हात मांडीवर ठेवला तिथेच राहायला लागला, पावसाळ्यात डावाही तसाच झाला. पाय लटपटायला लागले. बोलणं फक्त मायला कळायचं. बाबा घशातून काहीतरी आवाज काढायचे आणि माय लगेच, "पंखा कमी कर म्हणते," किंवा "गल्लीतल्या पोट्ट्यायची शाळा सुटली काय, इचारून राह्यले," असं सांगायची. कधी कधी मला शंका यायची की माय आपल्या मनाचंच सांगते. पण बाबांचा चेहरा पाहिला की कळायचं, बरोबर आहे ते.

मी मात्र थांबले नव्हते. आकडा गेला तर मी दुसरं काहीतरी धरलं. कुठे तेलाने मालिश करून बरं करणारा आहे, कुठे जडीबुटी देणारा आहे, कोणी सांगेल तिथे मी जाऊन आले. दारव्ह्याकडच्या एका माणसाने दिलेला काढा बाबांना ठसक्याने नाकातून परत आला, तेव्हा मायने उरलेली बाटली मोरीत ओतून दिली. माझ्यासमोर ओतली. मी भांडले तिच्याशी. तिने बाटली विसळली आणि उलटी घालून ठेवली.

आश्विनात गिळणं फार अवघड झालं. पातळ पेजसुद्धा फुप्फुसात जाईल अशी भीती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोटात नळी बसवता येते, तिच्यातून अन्न देता येतं, पण ते रुग्णाने ठरवायचं. उशीर झाला तर तेही जमणार नाही. मी सगळी तयारी केली. गाडी ठरवली, कपड्यांची पिशवी भरली. मग बाबांना सांगितलं.

बाबांनी मान हलवली. नाही.

"बाबा, दुखत नाही त्यात. पोट भरेल तुमचं."

नाही.

मी त्यांच्या पायाशी बसले. मी चाळिशी ओलांडलेली बाई, पण त्या दिवशी लहान पोरीसारखी त्यांचे पाय धरून बसले. "बाबा, माझ्यासाठी. एवढं एकदा माझ्यासाठी करा."

त्यांनी घशातून काही आवाज काढले. बराच वेळ काढले, मध्ये दम लागला म्हणून थांबले, पुन्हा काढले. मी मायकडे पाहिलं. माय सांगेना.

"काय म्हणतात?"

"जाऊ दे."

"माय, सांग."

"म्हणते, तिच्यासाठी लय दिवस दाबलं. आता नाही."

मी उठून अंगणात गेले. शेजारणीने दोरीवरून माझे कपडे काढून ठेवले होते, ते घड्या घालून तिने माझ्या हातात दिले आणि काही न विचारता परत गेली. मी गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

मार्गशीर्षात पाहणीची दुसरी फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी ज्यांना मोजलं होतं त्यांनाच पुन्हा मोजायचं. माझ्या सगळ्या रजा संपल्या होत्या. काम सोडायचं का, यावर मी आणि नवरा दोन दिवस बोललो. माय म्हणाली, "तू जात जा. तू घरी असली की तुह्या तोंडाकडे पाह्यत राह्यते थे. त्यायले आरामच नाही." हे मला लागलं. पण खरं होतं.

त्या दिवशी मला वणीकडचं गाव होतं. रस्त्याने कोळशाचे ट्रक, घरांच्या ओसरीवर काळी भुकटी. खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते, पंचाहत्तरीचे. मागच्या वर्षीपेक्षा त्यांचा आकडा दोनाने वाढला होता आणि त्यांना विश्वास बसत नव्हता. पुन्हा घ्या म्हणाले. मी पुन्हा घेतला. त्यांची सून, नातवंडं, शेजारचे दोघं-तिघं असे सगळे गोळा होऊन ओरडत होते, "दाबा, दाबा, आजोबा!" मीही ओरडत होते. हसतही होते. कितीतरी महिन्यांनी मी अशी मोकळी हसत होते. मोजताना फोनचा आवाज बंद ठेवायचा असा आमचा नियम आहे. फोन पिशवीत होता.

सव्वाबाराला मी तो काढला. घरून अकरा वेळा फोन येऊन गेला होता. पहिला साडेदहाचा. शेवटचा अकरा वाजून पाच मिनिटांचा. त्यानंतर एकही नाही.

मी नवऱ्याला लावला. तो घरी पोचला होता. तो म्हणाला, "ये. सावकाश ये." सावकाश म्हणाला, त्यातच समजलं.

वणीहून यवतमाळची बस मिळायला पाऊण तास लागला. बसमध्ये यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "शिलाई मशीन हाय का वं त्याच्यात, बाई?" मी हो म्हटलं. तिने तिच्या लेकीच्या शिवणक्लासचं सगळं सांगितलं, जोडमोहा गाव येईपर्यंत. मी हूं हूं करत होते.

घरात बाबांना खाली चटईवर घेतलं होतं. डोळे मिटलेले होते. माय भिंतीला टेकून बसली होती. तिच्या साडीचा पदर चुरगळलेला, ओला होता.

"झोपीतच गेले," ती म्हणाली. "काही तरास नाही झाला."

मी तिच्याकडे पाहिलं. अकरा फोन माझ्या पिशवीत होते. मी विचारलं नाही. बाबांना आम्ही गावी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं झालं. तेराव्याला लोक मला म्हणाले, पोरीने लय केलं बापाचं. त्यांना काय सांगणार?

माय आमच्याकडेच राहिली. त्या तीन-चार महिन्यांत आम्ही एकमेकींशी घरातल्या कामापुरतंच बोललो. मी पुन्हा कामावर जात होते. म्हातारी माणसं समोर बसायची, मी आकडा लिहायची. उजवा डाव्यापेक्षा कमी दिसला की मी पुन्हा पुन्हा मोजायची. शेऱ्याच्या रकान्यात मी इतकं लिहायची की कार्यालयातून विचारणा झाली. तशा पाठवलेल्या माणसांपैकी कोणाचं मनगट जुनं मोडलेलं निघालं, कोणाला संधिवात निघाला. बाबांसारखं कोणाचंच निघालं नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात यायचं, मग आमच्याच घरी का.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका रविवारी सकाळी, माय ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. मी खडे वेचायला बसले. मान वर न करता ती म्हणाली,

"झोपीत नोते गेले."

मी थांबले.

"साडेधाले घास लागल्यावानी झालं. दम घेता येईना. डोये मोठे मोठे केले. म्या पाठ चोळली, उठून बसवलं, तरी येईना. माह्याकडे पाहून राह्यलते. हात तं उचलत नोता. म्या त्यायचा हात माह्या हातात धरला, तं बोटंबी नाही वळली." तिने सूप खाली ठेवलं. "लय वेळ लागला वं. अर्धा घंटा असन."

"मग फोन..."

"एका हातानं लावत होती. मले वाटलं, तू बोलली तं आयकतीन. तुहा आवाज आयकून जातीन म्हणलं."

ओसरीसमोरून दूधवाला गेला. मायने त्याला हात करून आज नको म्हणून सांगितलं.

"मग तू खोटं काहून सांगतलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी मायची बोली माझ्या तोंडात आपोआप आली.

तिने डाळीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला. "तवा तुले सहन झालं नसतं," ती म्हणाली. "आता मले होऊन नाही राह्यलं."

मी तिच्या जवळ सरकले. आम्ही दोघी तशाच बसलो. ती रडली, मग मी रडले, न्हाणीघरात न जाता. बऱ्याच वेळाने मायने डोळे पुसले, सूप उचललं, खडे अंगणात टाकले आणि विचारलं, "उद्या जायचं हाय काय कामावर?"

"हो," मी म्हटलं. "दिग्रसकडची गावं आहेत."

"मंग भाकरी बांधून देतो," ती म्हणाली, आणि डाळ घेऊन आत गेली.